टेबलाखालचे हात

४ ऑक्टोबर

ती. दादास,

सा. न. वि. वि. डोकं खरंच टेबलाला टेकवलं आहे, त्यामुळे नमस्कार खोटा नाही.

पुस्तकबांधणीच्या खोलीत नवा प्रेस आला, त्याचा दांडा डावीकडे निघाला, म्हणून तू दोन दिवस ग्रंथालयात गेलाच नाहीस, हे आईने कळवलं. तिसऱ्या दिवशी गेलास ना? मग झालं. दांडा उजवीकडेच असावा, असं तुझं म्हणणं मला तरी पटतं.

मी ठीक आहे. कुलूप आता तीनदाच ओढून बघते. मानसोपचार केंद्रात मला स्वतःची खोली मिळाली. खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत आहे. दुपारचा उजेड तिच्यावरून सावकाश उतरतो आणि चारच्या सुमारास माझ्या पायाशी येऊन बसतो. खोलीत तीन तऱ्हेच्या खुर्च्या आहेत, त्यातली एक झुलते. जमिनीवर गादी आहे, दिवा हवा तेवढा मंद करता येतो. आमच्याकडे येणाऱ्या पुष्कळांच्या मेंदूची घडणच वेगळी असते. ती माणसं बिघडलेली नाहीत, त्यांना दुरुस्त करायचं नाही, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं. आम्ही त्यांची स्वप्नं ऐकतो, जुन्या आठवणी ऐकतो, आणि घाई करत नाही. भिंतीवर एक कागद लावलाय: हवं तिथे बसा, हवं तसं हला, डोळ्यांत बघायची सक्ती नाही. अक्षर माझं आहे. ओळ तिरकी जात होती म्हणून तीनदा लिहून काढला.

त्याच कागदाखाली बसून मी घाण करून ठेवली, दादा.

दर गुरुवारी एक बाई येतात. त्यांचं काही बाहेर सांगायचं नाही असा आमचा नियम आहे. चूक माझी आहे, तेवढीच सांगते. त्या स्वप्न सांगत होत्या आणि सांगताना त्यांची बोटं हवेत हलत होती, वाऱ्यावर पानं हलावीत तशी. मी इतकी आत ओढली गेले की खोलीचं भान उरलं नाही. आणि माझ्या तोंडून शब्द गेला: हात. मोठ्याने नाही. आपल्या जेवणाच्या टेबलावर म्हणायचे, त्या आवाजात.

त्यांनी ताबडतोब हात मांडीखाली घेतले. उरलेलं स्वप्न सामानाची यादी वाचावी तसं संपवलं. त्यानंतरचे दोन गुरुवार त्या आल्या नाहीत.

दर मंगळवारी मी ज्या बाईंकडे स्वतःचं मन घेऊन जाते (हे काम शिकणाऱ्याला आधी तेच करावं लागतं), त्या म्हणाल्या की हा शब्द कुठून आला ते लिहून बघ. म्हणून तुझीच गोष्ट तुला सांगते, हसू नकोस. शाळेने तुला घेऊन जा म्हणून सांगितलं, आणि आई आपल्या दोघांना घरीच शिकवायला लागली. तू दहाचा, मी सहाची. तू विचारात पडलास की तुझे हात उडायला लागायचे. आईचं लक्ष पाटीवर, म्हणून तुझ्या हातांवर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे. मी हात म्हटलं की ते टेबलावरच्या लांब कापडाखाली जायचे. किती वर्षं? मी मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

हल्ली एकच स्वप्न पडतं. आपलं घर पाण्याने काठोकाठ भरलेलं आहे, दुपार आहे, आणि मी टेबलाखाली पोहते आहे. तिथे पांढरं काहीतरी हलतं, मासे की पाखरं कळत नाही, पण फार सुंदर. नीट बघावं म्हणून मी जवळ जाते आणि तोंड उघडते. सगळं थांबतं. पाणीसुद्धा.

वरच्या पानावरच्या चार ओळी अक्षर बिघडलं म्हणून खोडल्या आहेत.

गुरुवारच्या बाई परत आल्या नाहीत तर मी हे काम सोडणार. ज्याच्या तोंडात असा शब्द बसलाय, त्याने कोणाच्या स्वप्नाजवळ जाऊ नये.

लोभ आहे तेवढा राहू दे, कमी करू नकोस.

तुझी,
तपासनीस

•

८ ऑक्टोबर

चि. तपासनीसबाईंस,

अ. उ. आ. पत्र दोनदा वाचलं.

खोडलेल्या चार ओळी मी कागद खिडकीच्या काचेला लावून वाचल्या. अक्षर बिघडलेलं नव्हतं. वाचू नकोस असं तू लिहिलं नव्हतंस. आईला वाचून दाखवू नकोस असंही लिहिलं नव्हतंस, म्हणून सगळं पत्र आईला वाचून दाखवलं. पुसलेलं टेबल तिने पुन्हा पुसलं.

त्या ओळींत तू मला विचारलं आहेस: तुला तेव्हा लागायचं का, आणि माझ्यामुळे तू कमी बोलायला लागलास का. हे दोन प्रश्न आहेत. विचार करायला मला अकरा दिवस लागतील. प्रेसच्या दांड्याला दोन लागले, हे त्याहून मोठं आहे.

बाईंबद्दल मला जे येतं तेवढंच सांगतो. शिवण चुकली की नवीन माणूस वरून खळ फासतो. दोन महिने पुस्तक बरं दिसतं, मग पानं गळतात. आम्ही दोरा उसवतो. तो ज्या भोकातून गेला त्याच भोकातून मागे काढावा लागतो, दुसरी वाट नाही. तू त्यांना काही लिहिलंस का? लिहिणार असशील तर गैरसमज हा शब्द घालू नकोस. गैरसमज झालेला नाही, त्यांना बरोबर कळलं होतं.

प्रेसचा दांडा अजून डावीकडे आहे. मी आता त्याच्या दुसऱ्या बाजूला उभा राहतो.

लोभ आहे. तो मोजता येत नसल्याने वाढला की नाही हे कळवू शकत नाही.

दादा

•

१२ ऑक्टोबर

ती. दादास,

सा. न. वि. वि.

आईला वाचून दाखवलंस! तुला ओळखून असूनही मी हे लिहायला विसरले, म्हणजे तपासनीस म्हणून माझी नोकरी गेलीच. आई माझ्याशी फोनवर कपडे वाळले का एवढंच बोलली. दोनदा विचारलं.

आणि अकरा दिवस! तू सांगितलेस म्हणजे अकराच, दहा नाहीत, हे मला माहीत आहे. मी कॅलेंडरवर खूण करायची नाही असं ठरवलं आणि केली. रोज वाटतं, तुझं उत्तर मला आधीच कळलंय. मग वाटतं, उत्तर आपणच ठरवून मोकळं व्हायचं, ही माझी जुनी खोड.

गुरुवारच्या बाईंना मी सात मसुदे लिहिले होते. सातही फाडले. एकात माझी थकवा आल्याची सबब होती, एकात चक्क गैरसमज होता. तुझं पत्र आल्यावर आठवा लिहिला, तीन ओळींचा. तुम्ही स्वप्न सांगताना मी हात असं म्हणाले. ते तुम्हाला थांबवण्यासाठीच होतं आणि ते चुकीचं होतं. ही सवय मला लहानपणी लागली, ती माझी आहे, तुमच्या हातांचा तिच्यात काही दोष नाही. खाली लिहिलं की गुरुवारची वेळ तुमचीच आहे, आलात तरी आणि नाही आलात तरी.

पाकीट पेटीत टाकलं आणि पत्ता बरोबर होता ना म्हणून पेटीपाशी बराच वेळ उभी राहिले. पेटीत हात जात नाही, हे बरं आहे.

गुरुवारी त्या वेळेला मी रिकाम्या खुर्चीसमोर बसून होते. भिंतीवरून उजेड उतरला, माझ्या पायाशी आला, आणि निघून गेला. दार वाजलं नाही. खोलीत कोणी नसताना ती झुलणारी खुर्ची किंचित हलते, हे मला तेव्हाच कळलं.

स्वप्न परत पडलं. या वेळी मी तोंड घट्ट मिटून होते. तरीही सगळं थांबलं.

तुझ्या लोभाची मोजणी नको, त्याची नुसती पोच दिलीस तरी चालेल.

तुझी,
त.

•

१९ ऑक्टोबर

चि. तपासनीसबाईंस,

अ. उ. आ. अकरा दिवस झाले.

पहिला प्रश्न. हो, लागायचं. अजून कोणी हात धुवून घे म्हटलं की मी हात आधी खाली घेतो, मग धुतो. आमच्या खोलीतल्यांना ते माहीत आहे, ते आता नळ उघडून ठेवतात आणि बोलत नाहीत. हे खरं आहे आणि मी ते खोडणार नाही. तू सहा वर्षांची होतीस, हेही खरं आहे. एक लिहिलं म्हणून दुसरं पुसलं जात नाही.

दुसरा प्रश्न. कमी बोलतो ते तुझ्यामुळे नाही. मला कमी बोलायला आवडतं.

आता तू न विचारलेली गोष्ट. कापडाखाली माझे हात थांबत नव्हते. तिथे मला जागा होती, तिथे ते उडायचे. तुझ्या स्वप्नातलं पांढरं काय आहे ते मला माहीत नाही, स्वप्न तुझं आहे. पण टेबलाखाली फक्त माझे हातच हलत होते असं नाही. तू धडा पाठ म्हणताना तुझा उजवा पाय टेबलाच्या पायावर आपटायचा. हळू, एकसारखा, तास न् तास. कोणाला ऐकू यायचं नाही. मी टेबलाच्या पायाला तळहात लावून बसायचो, तो ठेका माझ्या हातात यायचा. त्याने मला बरं वाटायचं. तू हात म्हणालीस की मी हात खाली नेऊन त्यातला एक तिथेच ठेवायचो.

तुला कोणी कधी पाय असं म्हटलं नाही, कारण तुझा पाय आधीपासूनच खाली होता.

हेही आईला वाचून दाखवलं. या वेळी आधी विचारलं, ती हो म्हणाली. ऐकून तिने स्वतःचे हात टेबलावर ठेवले आणि बराच वेळ बघत राहिली. मला म्हणाली की शाळेतून तुला परत आणताना, जगात तुला कोण सांभाळून घेईल याची मला भीती वाटत होती, दुसरं काही सुचलं नाही. खाली दोन ओळी ती स्वतः लिहिते आहे.

लोभ पोचला.

दादा

चि. बाळास, आशीर्वाद. हातांवर लक्ष ठेवायचं काम मी तुला द्यायला नको होतं, ते माझं होतं आणि कोणीच करायचं नव्हतं. काम सोडू नकोस. जेवत जा. आई

•

२७ ऑक्टोबर

ती. दादास आणि ती. आईस,

दोघांनाही एकाच कागदावर सा. न. वि. वि.

तुमचं पत्र केंद्रात मिळालं. खोलीत जाऊन वाचलं. वाचून संपल्यावर खाली बघितलं तर माझा उजवा पाय झुलत्या खुर्चीच्या दांड्यावर आपटत होता. दादा, तो कधीपासून आपटतो आहे? या केंद्रात वर्षभर मी लोकांची स्वप्नं ऐकते आहे. समोर बसलेल्या सगळ्यांना तो दिसत असणार, मला सोडून. इतरांना हवं तसं हला म्हणून कागद लावला आणि स्वतःला मोजलंच नाही. आधी घाबरले, मग हसू आलं, मग रडू आलं. मंगळवारच्या बाईंना सांगितलं तर त्या काही समजावत बसल्या नाहीत. म्हणाल्या, त्या पायाला काय म्हणायचंय ते सावकाश ऐकू. वेळ आहे.

गुरुवारी दार वाजलं.

त्या काय बोलल्या ते लिहिणार नाही, तुम्ही विचारणारही नाही. मी माझी चूक पुन्हा एकदा, तोंडाने, त्याच शब्दांत सांगितली. त्या गादीवर बसल्या. मग त्यांनी अर्धवट राहिलेलं स्वप्न मधूनच उचललं, आणि त्यांचे हात वर आले. मी ऐकत होते. माझा पाय हलत होता आणि मी त्याला हलू दिलं. उजेड भिंतीवरून उतरला, आमच्या दोघींच्या मधे येऊन बसला, आणि वेळ संपेपर्यंत हलला नाही असं मला वाटलं. तसं असणं शक्य नाही, पण वाटलं.

काम सोडत नाही.

स्वप्नही पडलं. सगळं तसंच, घर, पाणी, दुपार. मी टेबलाखाली गेले, पांढरं हलत होतं, आणि मी नुसती बघत राहिले. कुठूनतरी ठेका येत होता.

दादा, तुला लागायचं हे मी खोडणार नाही. जवळ ठेवीन. येत्या रविवारी येते. आई, एक काम कर: टेबलावरचं ते लांब कापड काढून ठेव.

दोघांचा लोभ माझ्या वाटणीपेक्षा जास्त आला आहे, परत मागू नका.

तुमची,
त.

•

३१ ऑक्टोबर

चि. तपासनीसबाईंस,

अ. उ. आ. आईने कापड काढलं. त्याची घडी मी घातली.

तुझ्या खुर्चीसमोरचा टेबलाचा पाय बघितला. वीतभर उंचीवर बटणाएवढी जागा आहे, तिथला रंग गेला आहे, लाकूड गुळगुळीत झालं आहे. आईने ती पहिल्यांदाच बघितली. खाली बसून बोटाने चाचपली. रंग लावून घेऊ का, असं तिने विचारलं. मी नको म्हणालो. मग तीही म्हणाली की नकोच.

रविवारी दहाच्या गाडीने ये, साडेदहाच्या नको, दहाचंच मनात धरलं आहे.

लोभ तसाच. आम्ही दोघं टेबलापाशी बसून हे लिहितो आहोत. आईचे हात टेबलावर आहेत. माझा एक हात लिहितो आहे, दुसरा उडतो आहे.

दादा