आईनं मला डॉक्टर केलं

मंगळवार, मुकुंदवाडी

मलावीहून सुट्टीवर आले, तर आईनं गल्लीभर सांगून ठेवलंय की पोरगी आफ्रिकेत मोठी डॉक्टर आहे. माझी तिथली फेलोशिप म्हणजे काय ते तिला सांगता येत नाही म्हणून! मी तिथं क्षयरोगाच्या नोंदी तपासते. पेशंटला हातसुद्धा लावत नाही.

आज शेजारच्या सुमनकाकूंनी सोफ्यावर बसून गुडघा पुढं केला. आई दारातून डोळे वटारतेय. काय करणार? गंभीर चेहऱ्यानं दाबला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात काकू खोकल्या. परत खोकल्या.

"किती दिवसांपासून?"

"झाला की महिना. संध्याकाळी कणकणबी येती."

मग मात्र राहवलं नाही. "काकू, मी डॉक्टर नाही. पण हा खोकला तपासायलाच पाहिजे. सरकारी दवाखान्यात थुंकी तपासतात, फुकट. उद्या सकाळी मी सोबत येते."

आईनं कपाळाला हात लावला. काकूंनी आधी आईकडं बघितलं, मग माझ्याकडं. मलावीतल्या दोन वर्षांत कुणाच्या होकाराची एवढी धाकधूक झाली नव्हती.

"येते उद्या," काकू साडी खाली ओढत म्हणाल्या. "पण आधी सांगायचं ना गं, उगं गुडघा दाखवला."