पांघरुणावरची नदी

कोलोन,
२२ मार्च २०१५

ती. सुधाताई,

तुला आणि दाजींना नमस्कार, अवनीला आशीर्वाद. पत्रिकेचा फोटो मिळाला. मामा म्हणून माझं नाव छापलं आहेस, ते चार वेळा वाचलं.

परवा तू म्हणालीस, "तुझ्या साहेबाला भाची नाही वाटतं, रजा न द्यायला?" मी नुसता हसलो. फोनवर तू बोलतेस आणि मी हं हं करतो, म्हणून आज लिहायला बसलोय.

सध्या माझ्या शेजारच्या खाटेवर शेफर नावाचे म्हातारे आहेत. इथं श्रीयुताला 'हेर' म्हणतात, म्हणून हेर शेफर. जर्मनच, पण रशियात वसलेल्यांपैकी; लहानपणी युद्धात त्यांच्या लोकांना सायबेरियात धाडलं होतं. तिथल्या येनिसेई नदीवर त्यांनी तीस वर्षं मालाची बोट चालवली. आमच्या खोलीची खिडकी चार बोटं उघडते. दाराबाहेर जायचं तर कुणाला तरी हाक मारावी लागते, आणि ते येईपर्यंत भिंतीकडे बघायचं. म्हणून रोज दुपारी ते माझ्या पांघरुणावर बोटानं नदी काढतात.

उगम माझ्या कमरेपाशी, मोठ्या पहाडांत. तिथून ती उत्तरेला निघते. दोन्हीकडे रान, दिवसचे दिवस तेच रान. उजवा काठ उंच, डोंगराळ. डावा सपाट, दलदलीचा. पुढे झाडं खुजी होत होत संपतात, पात्र रुंदावत जातं, समोरचा काठ दिसेनासा होतो आणि बर्फाचा समुद्र लागतो. मी विचारलं, आमची येरळा हिच्यात किती वेळा मावेल? म्हणाले, "उन्हाळ्यातली की पावसाळ्यातली?" म्हटलं, उन्हाळ्यात ती नसतेच. खोकला येईपर्यंत हसले.

ताई, उजवीकडचे डोंगर म्हणजे माझा उजवा पाय. डावीकडे गुडघ्याखाली पांघरूण सपाट आहे.

जानेवारीत काढावा लागला. हे इस्पितळानंतर चालायला शिकवतात ते ठिकाण आहे. साहेबानं रजा नाकारली, हे खोटं होतं.

गेल्या नवरात्रात मी अनवाणी राहिलो. कामावर बूट, बाकी नऊ दिवस पायात काही नाही. अवनीचं जुळू दे, असं देवीला बोललो होतो. साखरेमुळे तळव्याला कळत नाही, हे मला ठाऊक होतं. काच रुतली ती कळली नाही, आणि कळल्यावर हळद लावून बसलो. डिसेंबरात तू फोनवर "जुळलं" म्हणालीस, तेव्हा मी तापात होतो. देवीवर राग नाही. डॉक्टरकडे जाऊ नकोस असं काही तिनं सांगितलं नव्हतं. पण हे कळल्यावर तू अवनीकडे बघून रडशील आणि ती लग्नात हसणार नाही, म्हणून गप्प राहिलो.

हेर शेफर सांगतात, तिथं वसंतात वरचा बर्फ आधी फुटतो आणि खाली उत्तरेला तो तसाच घट्ट असतो. पाण्याला वाट नसते, ते गावांत शिरतं. वरच्या गावानं वेळेवर तार केली तर खालची माणसं गुरं घेऊन टेकडीवर जातात. काल त्यांनी विचारलं, "बहिणीला कळवलंस?" मी नाही म्हटलं. "आल्झो, म्हणजे वरच्या गावात बसून तार दाबून ठेवलीस."

एप्रिलअखेर नकली पायावर प्रवास करता येईल, असं डॉक्टर म्हणतात. म्हणजे लग्नाला वेळेवर पोचेन. अडवत होती ती मांडवाची भीती. मामानं नवरीला हाताला धरून आणायचं. मी अवनीला आणतोय की ती मला, हे लोक बघत राहतील.

तेव्हा तिला सगळं सांग, नवसाचंही. मग तिलाच विचार. तिला संकोच वाटला तर आपल्या चुलत्यांचा प्रताप मामा म्हणून उभा राहील, आणि मी पुढच्या रांगेत बसून अक्षता टाकीन. तिची त्यात काही चूक नाही, हेही सांग. ती हो म्हणाली, तर भटजींना सांगून ठेव, की नवरीला यायला थोडा जास्त वेळ लागेल.

काहीही ठरलं तरी मी येतोय.

तुझा भाऊ, आहे तसा,
यशवंत