हेल्मीची रायफल आणि तुमचा सल्ला

प्रिय तौनोभाऊ यांस,

सप्रेम नमस्कार. तुमचा गुडघा बरा असेल, वहिनींचा खोकला गेला असेल, असे धरून चालतो. मी ठीक आहे. तुमची बहीण गेल्यापासून घरात चहा जास्त उरतो, एवढेच.

पंधरा नोव्हेंबरला हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडेल. यंदा हेल्मीच्या मचाणावर मी बसायचे ठरवले आहे. जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेल्या माणसाने हे ठरवल्यावर गावाला फार काळजी वाटू लागली आहे. ती मला जरा जास्तच वाटते. तुम्ही तिची लहान गोळीची, दोनशे त्रेचाळीस मापाची रायफल अंत्यविधीनंतर तेलपाणी करायला नेलीत आणि तेव्हापासून प्रत्येक पत्रात लिहिता, की ते माप हरणाला अपुरे, मास्तरांनी मोठ्या गोळीची तीस-शून्य-सहाच घ्यावी. शेजारचा ऑनी म्हणतो, "मास्तर, तीस-तीस घ्या! हेल्मीच्या त्या बंदुकीने हरणाला गुदगुल्या होतील." (त्याच्याकडे विकायला एक तीस-तीस आहे.) दुकानदार तीनशे आठची शपथ घेतो. (त्याच्या फळीवर तेवढीच उरली आहे.)

तरी तुमच्या शब्दाचा मान राखून मी ऑनीच्या भावाची तीस-शून्य-सहा उडवून पाहिली. चष्मा कोबीच्या वाफ्यात गेला आणि पाठोपाठ मीही. नेमासाठी ठेवलेला डबा मात्र खुंटावर शाबूत होता. ऑनी म्हणाला, "डब्याला काही झालं नाही, पण कोबी मेली हो!" खांदा अजून जांभळा आहे. हेल्मी म्हणायची, तिच्या रायफलीचा धक्का म्हणजे ओळखीच्या माणसाने खांद्यावर हात ठेवावा तसा. आणि तिने आणलेल्या हरणाचे मांस कधी नासलेले नसे. तुम्ही मागे पाठवलेल्या तंगडीत मांसापेक्षा शिसे जास्त होते. अपुरे माप कोणते, हे मला नीट कळेनासे झाले आहे.

म्हणून परवा ऑनीबरोबर जंगलातल्या तुमच्या शिकारीच्या झोपडीत जाऊन आलो. (लग्नानंतर इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. तुम्ही सगळे तिथे काय करता, याविषयीही मला शंका होतीच.) नेम चुकलेल्याच्या शर्टाचे शेपूट, म्हणजे मागचा लोंबता भाग, कापून, त्यावर नाव घालून भिंतीला ठोकतात, हे ऐकून होतो. साउनाकडची, म्हणजे वाफेच्या न्हाणीकडची, अख्खी भिंत तुमची आहे, तौनोभाऊ. शर्ट चांगले होते.

हेल्मीचे शेपूट एकच. निळ्या चौकड्यांचे, काठाला माझ्या हातची वाकडी शिवण. दोरीवरचा माझा तो शर्ट ऑनीने चोरला, या संशयावरून मी त्याला वर्षानुवर्षे शिडी दिली नाही. जेवताना मी ऑनीला चोर म्हणायचो आणि तोच शर्ट शिकारीला घालून गेलेली हेल्मी मान डोलवायची. काल शिडी देऊन आलो. आता ऑनीला माझाच संशय येतो आहे.

वहिनींना नमस्कार.

तुमचा मेहुणा,
आर्विद

ता.क. कोणतीही रायफल विकत घेतलेली नाही. तेलपाणी एव्हाना झाले असेल. चौदा तारखेच्या आत हेल्मीची परत पाठवा, काडतुसांसकट.

ता.क. २. हरणावर गोळी झाडणे मला जमेलच असे नाही. पण तसल्याच चौकड्यांचा शर्ट घेतला आहे आणि हेल्मीच्या शेपटाशेजारी एक खिळा ठोकून आलो आहे. त्यावर तुमचा शर्ट लागता कामा नये.