उघड्या हाताचा अर्धा तास

नत्थू,

परवा साकोलीच्या बाजारात म्या तुले राम राम करायले हात उचलला, तं तू भाजी तशीच सोडून निघून गेला. तुले वाटलं, मोठा भाऊ अजून मूठ दाखवून राहिला. अरे, मले लकवा झाल्याचं तू आयकलं असशील, पण मुठीचं कोणी सांगितलं नसंल. दिवाळीपासून उजवी मूठ आवळली ते सुटतच नाही.

आता माझी नात तृप्ती मले तुमच्या साकोलीतल्याच दवाखान्यात आणते. तिथली डॉक्टरीण हातावर थरथरणारी मशीन लावते. न्हाव्याच्या मशीनीसारखी घुरघुरते, म्हणून पहिल्या दिवशी मले हासू आलं. मंग करंगळी सुटली. काल सारी बोटं सुटली. अर्ध्या तासानं मूठ परत वळते, पण व्यायाम केला तं वेळ वाढंल म्हणते.

आपलं भांडण झालं त्या साली तलावाचं पाणी तुझ्या पाळीचं होतं. म्याच माझ्या धानाच्या बांधीत वळवलं.

हे डाव्या हातानं लिहिलं, पण पोस्टात टाकत नाही. शुक्रवारी मशीन झाली का सरळ तुझ्या घरी येतो. दवाखान्यातून दहा मिनिटं लागतात, वीस उरतील. दार लवकर उघडजो.

तुझा भाऊ,
तुलाराम