तळघरातला फिरोजा

निशापूरला, माझ्या डोळ्यांचा उजेड तूबा हिला यदुल्लाचा तेहरानहून सलाम.

मी बरा आहे. तुझ्या भावाकडे जेवण चांगलं मिळतं, फक्त चहा पाणचट असतो. डॉक्टरांनी डोळे तपासून थेंब दिलेत, काळजीचं काही नाही. अक्षर मोठं वाटेल, पेन नवीन आहे.

काल सरकारी बँकेच्या तळघरात मांडलेले जुन्या बादशहांचे मुकुट पाहून आलो. तिथले फिरोजाचे खडे आपल्याच गावात घासलेत, असं अब्बा सांगायचे. चाळीस वर्षं फिरोजे घासणाऱ्याने ते बघायलाच हवेत. पण काचेच्या फार जवळ गेलं की तिथे घंटा वाजते. मी वाकलो आणि ती कोकलायला लागली. पहारेकरी म्हणाला, “आजोबा, जरा लांबून बघा.” पुन्हा वाकलो, पुन्हा वाजली. तिसऱ्यांदा तो वैतागला. “काच चाटायचीय का? सगळ्यांना लांबून दिसतं, तुम्हालाच दिसत नाही?” लोक हसले. मीही हसलो.

हाजींनी घासायला दिलेला अंगठीचा मोठा खडा मी येईपर्यंत तसाच ठेव. तो आपली लेक मोनीर घासेल. मुलीच्या जातीला खडे घासायच्या चाकावर बसवणार नाही म्हणालो होतो, ते आता धरून बसू नकोस. ती अजून रुसलीय का?

मुकुटातल्या फिरोजाचा रंग कसा होता, हे तू आधी विचारशील. अगदी निळा, कुठेही हिरवी झाक नाही. शेजारी एक बाई उभी होती, तिला विचारून घेतलं.

गुरुवारी पोचतो. बसथांब्यावर मोनीरला पाठव.

तुझा यदुल्ला