तुझा ट्रक आणि बाबांचं डोकं

प्रिय ऑरिनदादा,

नमस्कार. तुझी पाठदुखी, वहिनीचं डाएट आणि सिॲटलचा पाऊस ही तिन्ही नेहमीसारखीच असणार, असं धरून चालते. इथे बाबा ठणठणीत आहेत. काळजी त्याचीच आहे. (फोनवर तू 'बघू' म्हणतोस, म्हणून हे पत्र.)

निमित्त तुझा ट्रक. (आहे आजोबांचा, पण एका ख्रिसमसला जेवताना 'मला तो जसाच्या तसा हवा' म्हणालास, तेव्हापासून तुझा.) त्याची चाकं जुन्या घडणीची, टायर रिमवर सुट्या पोलादी कड्याने अडवलेला. कडं नीट बसलं नसेल तर हवा भरताना उडतं आणि समोरचं डोकं घेऊन जातं. पुढच्या एका चाकाची हवा गेलीय. टायरवाल्या व्हर्लिनने ते नुसतं बघितलं आणि दुकानाचं शटर निम्मं खाली ओढलं. "हॅल्वरकाका, दुसरं काहीही सांगा. माझ्या बायकोला मी अजून हवाय." बाबा म्हणाले, "तिला विचारलंस?" आणि चाक घेऊन घरी आले.

चार जुलैच्या स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत ट्रक जायलाच हवा. तेव्हा बाबांनी सुरक्षिततेचा विचार केला. गोठ्यामागे चाक आडवं टाकलं, कडं उडू नये म्हणून वरून ट्रॅक्टरचं माती उचलायचं लोखंडी बकेट टेकवलं, आणि कडं बसतंय का ते दिसावं म्हणून बकेटखाली डोकं घातलं. मी कॉम्प्रेसरची वायर उपटली.

"कॉलेजात हेच शिकवलं का?"

"नाही बाबा. तिथे सगळे डोकी घेऊन यायचे."

एकसंध रिमची चार चाकं मी शोधून ठेवलीत, अगदी मापाची. पण बाबांचं एकच, "ऑरिनला विचारल्याशिवाय नाही." म्हणजे जेवण मी वाढायचं आणि मत तुझं घ्यायचं. (मी हे काळजीने लिहितेय की मत्सराने, असं स्वतःला विचारलं. ट्रक मला मिळणार असता तरी वायर उपटली असती का? असती. बहुधा.)

वहिनीला आठवण सांग.

तुझी,
मार्लिस

ता. क. बाबांना फोन करून सांग, ती जुनी चाकं तुला नकोत. जसेच्या तसे बाबा हवेत, असं म्हणालास तरी चालेल. ओशाळून फोन ठेवतील, पण ऐकतील.

ता. क. दुसरा. पत्र वाचताक्षणी कर. ट्रकच्या माहितीपुस्तिकेत 'चाक काढायच्या आधी हवा सोडा' असं ठळक छापलंय, म्हणून बाबा दुपारी आडवे झाल्यावर मी उरलेल्या तिन्ही चाकांची हवा सोडली. उठून त्यांनी ट्रक पाहिला आणि जन्मात पहिल्यांदा माझी पाठ थोपटली. "बरं केलंस. आता चारही एकदम भरू." शनिवारी शेजारचा ड्वेन त्याचा मोठा कॉम्प्रेसर घेऊन येतोय.