नको म्हणायची रीत

लॉरेल फोर्क, केंटकी
१७ सप्टेंबर २०२३

प्रिय व्हेस्टाताई,

आर्विलचा नमस्कार. देवाच्या दयेनं आम्ही दोघं नवरा-बायको इकडे बरे आहोत. तू आणि लेनीदाजीही तिकडे बरे असाल अशी आशा आहे. एरवी नाताळच्या कार्डावर चार ओळी खरडणारा भाऊ सप्टेंबरातच एवढं जाड पाकीट पाठवतोय म्हणजे कोणी गेलं की काय, असं तुझ्या मनात येईल. कोणी गेलेलं नाही. ड्रीमाची एक कोंबडी तेवढी गेली. ती रॅकूननं पळवली. त्या रॅकूनला ड्रीमा जे काही म्हणते ते मी पत्रात लिहीत नाही, कारण हे पत्र लिहून झाल्यावर मला चर्चला जायचंय.

यंदा शेंगा भरपूर लागल्या. आई करायची तशाच दोऱ्यात ओवून ओसरीवर वाळत टाकल्या आहेत. गोड ज्वारीची काकवीही झाली. एल्झीभाऊंचं खेचर म्हातारं झालंय, पण चरकाला जुंपलं की अजून न सांगता गोल फिरतं. एल्झीभाऊ म्हणतात, "माझंही तसंच आहे, फक्त मला काकवी मिळत नाही." ते अजून आपल्या चर्चचे वडीलधारे आहेत आणि अजून तासभर प्रवचन करतात.

पायाचं विचारशील. नवा नकली पाय मिळाला, चांगला आहे, खुंटाला घासत नाही. पण वखारीत दिवसभर उभं राहून लाकडं मोजणं आता होत नाही. पाठ धरते. उन्हाळ्याआधीच ते काम सोडलं. तू काळजी करू नकोस, खरी बातमी आनंदाचीच आहे. ड्रीमा आत्ताच माझ्या खांद्यावरून वाचून म्हणाली, "मग ती कोंबडीच्या मागे कशाला लपवून ठेवलीस?"

तर बातमी अशी, की मी शाळेत जाणार आहे. या वयात!

सैन्यात जायबंदी झालेल्या माणसाला जुनं काम झेपेनासं झालं, तर सरकार त्याला नवा धंदा शिकवतं आणि शाळेचा खर्च उचलतं. मात्र माजी सैनिकांच्या कचेरीतल्या अधिकाऱ्याला दोन गोष्टी पटाव्या लागतात. एक, जुनं काम याला जमत नाही. दोन, नवं काम याला जमेल. पहिली गोष्ट माझा पायच सांगतो. दुसरीनं माझा घात केला, ते पुढे येईलच.

मला चष्मे करायला शिकायचंय. काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या, माणसाच्या नाकावर आणि कानांवर नीट बेतायच्या. बसून करायचं काम आहे. आपल्या आख्ख्या तालुक्यात हे करणारं कोणी नाही. इथली म्हातारी माणसं मोडलेल्या काडीला चिकटपट्टी गुंडाळून महिनोन्महिने काढतात आणि बायबल हातभर लांब धरून वाचतात.

पण हे डोक्यात आलं ते त्यांच्यामुळे नाही. तुला आठवतं का, दोन खोल्यांच्या आपल्या शाळेत मला ढ म्हणून शेवटच्या बाकावर बसवलं होतं? तू वरच्या वर्गात होतीस. मधल्या दारातून सगळ्यांदेखत आत आलीस आणि म्हणालीस, "बाई, आमचा आर्विल ढ नाही. त्याला फळा दिसत नाही." मग मला चष्मा आला. घरी आलो आणि पाहिलं तर आईच्या नाकावर बारीक तपकिरी ठिपके होते! मी तिला विचारलं, "हे कधी आले?" ती केवढी हसली. त्या दिवशी मला जे मिळालं ते दुसऱ्या कोणाच्या नाकावर ठेवावं, असं मला फार वर्षं वाटतंय. कोणाला बोललो नव्हतो.

आता घात कसा झाला ते ऐक. कचेरीतल्या अधिकारी ग्राबोव्स्कीबाई शिकागोच्या. सरळ, स्वच्छ, एकदा विचारून एकदा उत्तर ऐकणाऱ्या. त्यांनी विचारलं, "हे शिक्षण तुम्हाला झेपेल असं वाटतं का?"

मी म्हटलं, "माझ्यासारख्याला काय झेपणार, बाई? डोंगरातल्या शाळेत शिकलेला माणूस मी. देवाची इच्छा असेल तर बघू."

तूच सांग ताई, आपल्याकडे दुसरं काय म्हणतात? एल्झीभाऊ इतकी वर्षं बोलायला उभे राहतात आणि दर वेळी आधी हेच म्हणतात, "मी नालायक माणूस, मला बोलता येत नाही, दुसऱ्या कोणाला तरी उठवा." मग बाकांवरून आवाज येतात, "बोला भाऊ, बोला." त्यानंतर त्यांना थांबवायला देवदूत आणावा लागतो. जेवताना मक्याच्या पावाचा दुसरा तुकडासुद्धा आपण दोनदा नको म्हणतो आणि तिसऱ्यांदा घेतो. मी बाईंच्या "नाही हो, तुम्हाला नक्की जमेल" ची वाट बघत बसलो. बाई म्हणाल्या, "बरं." आणि लिहून घेतलं.

पंधरवड्यानं उत्तर आलं. उमेदवाराला स्वतःलाच खात्री वाटत नाही, त्यामुळे तूर्त मंजुरी देता येत नाही.

ड्रीमानं विचारलं, "काय बोललास तू तिथे?"

"बोलतात तेच."

"म्हणजे 'माझ्यासारख्याला काय झेपणार'?"

"हो."

"अरे देवा! ती शिकागोची बाई! तिला काय कळणार, तू पाव मागतोयस की परत करतोयस?"

एल्झीभाऊंना सांगितलं तर ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. म्हणाले, "आर्विल, लेका, तू नुसतं नमन केलंस आणि प्रवचनाआधीच खाली बसलास."

फेरविचाराचा अर्ज करता येतो, सोबत ओळखीची माणसं नेता येतात, असं कळलं. मग या महिन्याच्या सुरुवातीला आम्ही तिघं गेलो. एल्झीभाऊ रविवारच्या कोटात, ड्रीमा काकवीची बरणी घेऊन. ड्रीमानं बरणी पुढे केली. बाई म्हणाल्या, "नको, आम्हाला घेता येत नाही." ड्रीमानं पुन्हा पुढे केली. बाई पुन्हा नको म्हणाल्या. ड्रीमा तिसऱ्यांदा करणार, तेवढ्यात मी तिचा हात धरला. "अगं, यांचं नको म्हणजे नकोच असतं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, सगळी गोम त्यांना तिथेच कळली.

तरी एल्झीभाऊंनी सुरुवात केलीच. "बाई, मी अडाणी म्हातारा. कोणाबद्दल बोलायची माझी लायकी नाही..."

"भाऊ, इथे नको ते!" ड्रीमा ओरडली. "मुद्द्यावर या!"

"बरं, मुद्दा," भाऊ म्हणाले. "हा इराकमधून एक पाय घेऊन घरी आला. पुढच्या वसंतात आमच्या चर्चची टेकडी चढून वर आला. मी दारात उभा होतो. हात दिला, तो यानं घेतला नाही. याला झेपत नाही असं काही असेल तर मला एकदा बघायचंय."

बाई म्हणाल्या, "यांचं ऐकलं. आता तुम्ही सांगा. देवाची इच्छा वगैरे बाजूला ठेवून."

"ते कसं ठेवू, बाई? ते तर खरंच आहे."

त्या हसल्या. पहिल्यांदाच. "बरं, राहू द्या. पण त्याच्या पुढचं सांगा."

ताई, माझे कान तापले. चर्चमधल्या चाळीस बाकांवरची माणसं वळून बघतायत असं वाटलं. मी म्हटलं, "देवाची इच्छा असेल, आणि मला जमेल. मोठेपणी मी चालायला नव्यानं शिकलो. काचा घासायलाही शिकेन. गणिताची भीती वाटते, म्हणून गणिताला जास्त वेळ बसेन. पण जमेल."

एल्झीभाऊ "आमेन!" असे गरजले, की पलीकडच्या टेबलावरचा माणूस आडोशावरून डोकावला. बाई म्हणाल्या, "हे 'हो' समजायचं ना?" ड्रीमा म्हणाली, "आमच्याकडे याहून मोठं 'हो' नसतं."

मंजुरी मिळाली. परतीच्या वाटेवर आम्ही तिघंही गाडीत गात होतो. एल्झीभाऊ भजनाची ओळ सांगायचे, आम्ही ती सूर लांबवून मागून म्हणायचो, आणि एका वळणावर ड्रीमा गाता गाता रस्ताच चुकली. आपल्याच डोंगरात!

म्हणजे मिळाली असं म्हणायचं. एक सही राहिली आहे. शाळा जानेवारीत सुरू होते, सोमवार ते गुरुवार. इथून रोज जाणं शक्य नाही. बाईंनी विचारलं, "तिथे राहणार कुठे?" मी म्हटलं, "बघतो काहीतरी." त्यांनी पेन खाली ठेवलं. "मिस्टर सायझमोर, परत?" महिनाअखेरपर्यंत राहण्याचा पत्ता कळवायचा, तो मिळाला की त्या सही करणार. नाही मिळाला तर ही जागा दुसऱ्याला जाईल आणि मी पुढच्या वर्षाची वाट बघायची.

शाळा कुठे आहे ते मी लिहिलंच नाही, असं आता लक्षात येतंय. शेंगांचं लिहिलं, खेचराचं लिहिलं. शाळा डेटनला आहे, तुझ्याच गावात.

मी इस्पितळात होतो तेव्हा तू रात्रभर बसनं प्रवास करून आली होतीस. म्हणाली होतीस, "माझ्याकडे चल, मागची खोली रिकामी आहे." मी नको म्हटलं. तू पुन्हा म्हणालीस, मी पुन्हा नको म्हटलं. आपली रीत तुलाही ठाऊक, म्हणून तू तिसऱ्यांदाही विचारलंस. मी तेव्हाही नकोच म्हटलं, आणि ते खरं नको होतं. तू पर्स उचललीस आणि दारातून म्हणालीस, "तू बुडत असशील ना आर्विल, तरी हाक मारणार नाहीस." त्यानंतर आपली नुसती कार्डं.

गेल्या रविवारी चर्चमध्ये पाय धुण्याचा दिवस होता. तुला माहीत आहे, येशूनं शिष्यांचे धुतले तसे चर्चमधले भाऊ भावांचे धुतात, बहिणी बहिणींचे. परत आल्यापासून मी त्या दिवशी मागच्या बाकावर बूट घालून बसायचो. यंदा पुढे बसलो. एल्झीभाऊ कमरेला पंचा बांधून गुडघ्यांवर बसले, सावकाश, कारण त्यांचे गुडघेही आता तसे नाहीत. माझा पाय धुतला, पुसला. मग दुसरी पँट वर केली आणि नकली पायावरही ओंजळीनं पाणी सोडलं.

मी म्हटलं, "भाऊ, तो धुवायची गरज नाही."

"गप बस," ते म्हणाले. "हाही टेकडी चढून आलाय."

मागे सगळे गात होते. मी धुवू दिलं. ताई, मला इतकं हलकं फार दिवसांत वाटलं नव्हतं. घरी येऊन लगेच हे पत्र लिहायला घेतलं, आणि आज, आठवड्यानं, इथवर पोचलोय.

म्हणून आता नमन न करता मागतो. मला तुझी मागची खोली हवी आहे. सोमवारी येईन, गुरुवारी संध्याकाळी ड्रीमाकडे परतेन. जिना असेल तर चढेन. भांडी माझ्याकडे. पहाटेची प्रार्थना हळू म्हणेन, लेनीदाजींची झोप मोडणार नाही. काकवी आणि शेंगा आणीन, त्या मात्र तुला पहिल्याच वेळी घ्याव्या लागतील. नाही म्हणायचं असेल तर एकदाच म्हण, मी ते खरं धरेन आणि मनात काही ठेवणार नाही. पण मला यायचंय. मला जमेल. आणि तिथे मला स्वतःच्या हातानं घासलेल्या काचांचा पहिला चष्मा तुझ्या नाकावर बेतायचाय. आईचे ठिपके तुझ्या नाकावरही होते, ते अजून आहेत का हे मला जवळून बघायचंय.

उत्तराची वाट बघतो.

तुला हाक मारणारा,
तुझा धाकटा भाऊ
आर्विल